शेवटचा रकाना

गेल्या महिन्यात मी माझी निळी फाईल एका बाईंच्या हाती दिली. त्या पणदऱ्याच्या. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आमच्या कंपनीचे डबे घरोघर विकणारी माणसं नऊ वर्षं मी निवडली. यापुढे या बाई निवडणार आहेत. मी घेतलेल्यांपैकी एक बाई माझ्याच खुर्चीवर बसली, याचा मला फार अभिमान वाटतो. पण तो सांगताना जरा अडखळायला होतं. कारण त्या फाईलमध्ये त्यांचाही एक कागद होता आणि त्यावर माझ्या हातची लाल काट होती. तो कागद काढून घ्यावा की राहू द्यावा, हे ठरवायला माझ्याकडे चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी काय करणार होतो आणि शेवटी काय केलं, दोन्ही इथे लिहितो.

आधी आमचं काम सांगतो. आमची कंपनी हवाबंद डबे बनवते. ते दुकानात मिळत नाहीत. बायका ते घरोघर जाऊन, चारचौघी जमवून, दाखवून विकतात आणि विकले की त्यांना कमिशन मिळतं. कागदोपत्री त्या 'विक्री सल्लागार', गावात 'डब्यावाल्या ताई'. अशा ताया निवडायला महिन्यातून एकदा ग्रुप इंटरव्ह्यू असतो. दहा-बारा जणांना एकत्र बसवायचं, बोलतं करायचं आणि त्यातले दोन-तीन घ्यायचे. खुर्च्या गोल मांडतो म्हणून आम्ही त्याला नुसतं 'गोल' म्हणतो. उद्या इंदापूरला गोल आहे, असं.

मांडणी मी स्वतः करायचो. खुर्च्या सारख्या अंतरावर, माझी खुर्चीही त्याच गोलात, मधल्या टेबलावर तीन डबे आणि पाण्याचा जग. सुरुवातीची दोन वर्षं मी एक लबाडी करायचो, तीही सांगून टाकतो. या कामाला पगार नाही, हे मी अगदी शेवटी सांगायचो. तोपर्यंत बायकांनी चहा घेतलेला असायचा, हसून झालेलं असायचं, ओळख झालेली असायची. मग उठून जायला जड जायचं. पुढे मला त्याची लाज वाटायला लागली आणि मी पहिलंच वाक्य तेच करून टाकलं. "ह्यात पगार नाही." निम्म्या बायका पुढची एसटी गाठायला उठायच्या. उरायच्या त्या खऱ्या.

प्रत्येकासाठी एक कागद असायचा. त्यावर चार रकाने. बोलणं. धीर. वेळ. आणि शेवटचा रकाना 'ह.कुं.' म्हणजे हळदी-कुंकू.

हा शेवटचा रकाना कंपनीचा नव्हे, माझा. आमच्याकडे डबा विकणाऱ्या बाईला ओळखी लागतात, आणि ओळखी किती असं विचारलं की प्रत्येक जण 'पुष्कळ' म्हणते. मला सुचलं की त्याऐवजी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत किती घरी हळदी-कुंकवाला जाता, हे विचारावं. बाई खरा आकडा सांगते, कारण तो तिला पाठ असतो. जी चाळीस घरी जाते तिच्यासाठी चाळीस दारं उघडी, शिवाय वाण म्हणून डबे घेणाऱ्या वेगळ्या. पुण्याच्या साहेबांना ही युक्ती फार आवडली. मीटिंगमध्ये मला उभं करून टाळ्या वाजवल्या. बाकीच्या तालुक्यांतही तो रकाना गेला. त्या टाळ्या मी बरीच वर्षं मनात जपल्या होत्या.

पणदऱ्याच्या ताई पहिल्यांदा आल्या त्या बारामतीच्या गोलात. मार्केट यार्डाच्या बाजूला एका मंगल कार्यालयाची वरची खोली आम्ही घेतली होती. खाली कुणाचा तरी साखरपुडा चालला होता आणि स्पीकरवरून पाव्हण्यांना जेवायला बसण्याची विनंती होत होती. बारा जण होते. अकरा बायका आणि एक निवृत्त गुरुजी.

मी डबा कसा बंद करायचा ते दाखवलं. झाकणाचा मध्य दाबायचा, एक कड किंचित उचलून आतली हवा काढायची, मग कड बसवायची. नंतर सगळ्यांना नेहमीचं काम दिलं. शेजारच्याला दोन मिनिटांत डबा विका.

गुरुजींनी डबा हातात घेऊन प्लास्टिकचा शोध कसा लागला तिथून सुरुवात केली. दोन मिनिटं संपली तेव्हा ते अजून परदेशातच होते.

"गुरुजी, डबा इकायचाय, पेपर न्हाय तपासायचा," किराणा दुकान चालवणारी एक जाडजूड बाई म्हणाली. तिची पाळी आली तेव्हा तिनं डबा शेजारणीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "घ्यायचा तर घ्या. न घेऊन जाताय कुठं? चिवडा मऊ पडला की याल परत माझ्याकडंच."

मग पणदऱ्याच्या ताई. चाळिशीच्या अलीकडच्या, बारीक अंगाच्या, इस्त्रीची साडी, कपाळावर बारीकशी काळी टिकली. घरी दोन जर्सी गाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी, एवढं त्यांनी ओळख करून देताना सांगितलं होतं. त्यांनी टेबलावरच्या जगमधलं पाणी डब्यात ओतलं, झाकण लावलं, हवा काढली आणि उठून सरळ माझ्यापाशी आल्या. माझी फाईल मांडीवर उघडी होती. तिच्यावर त्यांनी तो डबा उलटा धरला.

"सरांचा जीव कागदात हाय," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "म्हणून हितं धरते. गळला तर माझं काम गेलं. न्हाय गळला तर पैसं काढायचं."

डबा त्यांनी तसाच धरून ठेवला. मी श्वास रोखून झाकणाकडे बघत होतो. त्या खाली माझ्या कागदांकडे बघत होत्या. थेंबभर पाणी सांडलं नाही. गोलात हशा झाला. किराणावाली म्हणाली, "लावा ह्यांचा नंबर, आमी जातो घरी." मी पहिल्या तीन रकान्यांत त्यांना पूर्ण गुण दिले. तोपर्यंतच्या सगळ्या गोलांत असं विकताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

नंतर शेवटचा प्रश्न. एकेकजण सांगत गेली. कुणी पन्नास, कुणी आमच्या आळीतच तीस. गुरुजी म्हणाले, "मी नाही जात, पण आमच्या मंडळी जातात." "मग मंडळींनाच पाठवायचं की हितं," असं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसणं झालं. त्याच हसण्याच्या ओघात मी पणदऱ्याच्या ताईंकडे वळलो.

"मी जात न्हाय," त्या म्हणाल्या.

"का हो? डबा तर एवढा झोकात विकलात. लाजता?"

त्यांनी डबा मांडीवर ओढून घेतला. इथे मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मला वाटलं, बाईला थोडं खुलवावं.

"म्हणजे बोलावणं येत नाही, की तुम्हीच टाळता?"

किराणावालीनं मान खाली घातली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, पुढं चला की. त्यांना न्हाय बोलवत कुणी."

मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. खाली स्पीकरवर नवऱ्या मुलीच्या मामाला बोलावत होते. ताईंनी मांडीवरच्या डब्याचं झाकण एकदा दाबून बघितलं, ते घट्टच होतं, आणि म्हणाल्या, "व्हय. सहा वर्षं झाली मालक जाऊन."

मी माफी मागितली नाही. "बरं बरं" म्हणालो आणि पुढच्या बाईला विचारलं.

संध्याकाळी निवड करताना त्यांच्या शेवटच्या रकान्यात मी शून्य घातलं, खाली 'ओळखी नाहीत' असं लिहिलं आणि लाल पेनानं कागदावर काट मारली. निघताना मी सगळ्यांना सांगतो तेच त्यांनाही सांगितलं होतं, "फोन करतो." आमच्या भागात तोंडावर नाही म्हणणं उर्मटपणाचं समजतात. ज्याला घ्यायचं त्याला तिथेच थांबवून घेतात. ज्याला घ्यायचं नाही त्याला फोन करतो म्हणतात. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्यांनी तसं धरलं नाही. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. "सर, फोन करतो म्हणला होता." मी म्हणालो, यादी पुण्याला गेली आहे. यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

दुसरं कुणी असतं तर न कळून चुकलं, असं म्हणता आलं असतं. मला ती सवलत नाही. माझे वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. त्यानंतर आमच्या कन्हेरीच्या घरी हळदी-कुंकू व्हायचं ते काकूच्या हातानं. आई मागे पडवीत बसून वाणाची भांडी धुऊन पुसून पुढे पाठवायची. ती भांडी दारापर्यंत नेऊन द्यायचं काम माझं असायचं. म्हणजे कुणाला बोलावतात, कुणाला नाही, हे मला शिकवायची गरज नव्हती. तरीही तो प्रश्न मी शोधून काढला, त्यावर टाळ्या घेतल्या आणि इतकी वर्षं विचारला.

चार महिन्यांनी इंदापूरला गोल होता. एसटी स्टँडच्या मागे, एका पतसंस्थेच्या वरचा हॉल. खुर्च्या मांडून मी वर बघितलं तर दारात पणदऱ्याच्या ताई. पणदऱ्याहून बारामती, बारामतीहून इंदापूर, दोन एसट्या बदलून आल्या होत्या.

"बारामतीची यादी भरली असंल," त्या म्हणाल्या. "म्हणलं इंदापूरची बघावी."

त्यात टोमणा होता की नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही. मी त्यांना बसवलं. बोलणं झालं, डबा विकणं झालं. या वेळी त्यांनी डबा माझ्या फाईलवर धरला नाही, स्वतःच्याच साडीवर धरला. मग शेवटच्या प्रश्नाची वेळ आली आणि माझ्या तोंडून तो निघेना. मी कागद आवरायला लागलो.

"सर," त्या म्हणाल्या, "आज हळदी-कुंकवाचं न्हाय इचारलं?"

"आज राहू द्या."

"राहू द्या कसं? मी उत्तर तयार करून आलेय."

गोलातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ताई उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या, पण आवाज सगळ्या हॉलभर गेला.

"मी रोज सकाळी सहाला आणि सांजच्याला सहाला आमच्या गावच्या डेअरीवर दूध घालाया जाते. पन्नास-साठ जणं असत्यात लायनीत, किटल्या घेऊन. निम्म्या बाया. पाळी यायला अर्धा तास लागतो, तवर गप्पा मारायच्या, दुसरं काम न्हाय. वरसातनं पंधरा दिवस हळदी-कुंकू असतं, डेअरी बाराही महिनं. आन् तितं कपाळ बघून दूध घेत न्हाईत सर, फॅट बघून घेत्यात."

निमगावची एक म्हातारी बाई सुनेबरोबर आली होती. ती पटकन म्हणाली, "आन् पाणी घातल्यालं बी बघत्यात." हॉलमध्ये मोठं हसणं झालं, ताईही हसल्या. मी त्यांना तिथेच थांबवून घेतलं. कागदावरचा शेवटचा रकाना कोरा ठेवला.

पुढचं सांगताना मला आवरत नाही. त्या बाईंनी डेअरीच्या रांगेत डबे विकायला सुरुवात केली. पहिल्यांदा पिशवीत एकच डबा न्यायच्या, त्यात घरचं दही. किटलीच्या झाकणातून दूध हेंदकाळतं हे रांगेतल्या प्रत्येकीचं दुखणं. ताई दह्याचा डबा उलटा करून कठड्यावर ठेवायच्या आणि नुसत्या गप्पा मारत उभ्या राहायच्या. विचारायचं ते बायकाच विचारायच्या. सहा महिन्यांत शेजारच्या तीन गावांच्या डेअऱ्यांवर त्यांच्या बाया उभ्या राहायला लागल्या. त्या बाया त्यांनी स्वतः शोधून आणल्या होत्या. त्यांतल्या किती जणींना माझा प्रश्न पार करता आला असता, हे मी मुद्दाम कधी विचारलं नाही.

संक्रांतीला त्यांनी आपल्या घरी बैठक घ्यायला सुरुवात केली. मी पहिल्या वर्षी गेलो तेव्हा दाराजवळ एका स्टुलावर हळदी-कुंकवाचा करंडा आणि आरसा ठेवलेला होता. कुणी कुणाला लावायचं नाही. ज्या बाईला हवं तिनं आपलं आपण लावायचं, नको तिनं तसंच आत यायचं. तिळगूळ सगळ्यांना. त्यांची थोरली जाऊ आधी दोन वर्षं आली नाही. तिसऱ्या वर्षी आली, करंड्याकडे बघून म्हणाली, "ह्ये काय, शेल्फ-सर्विस हॉटेल हाय व्हय?" आणि आत येऊन सगळ्यांत पुढे बसली. ताईंनी तिला दोन लाडू जास्त दिले.

त्याही वर्षी मी गेलो होतो, मागे भिंतीला टेकून उभा होतो. आमच्या पडवीत भांडी पुसणारी आई मला आठवत होती. तिला सोबत आणलं असतं तर तीही पुढच्या ओळीत बसली असती, एवढं मला वाटलं.

मात्र मी तो रकाना फाडून टाकला, पुण्याच्या साहेबांना पत्र लिहिलं, असं काही घडलं नाही. मी फक्त प्रश्न विचारणं सोडलं. बाकीच्या तालुक्यांत तो चालू होता. ज्या चुकीसाठी टाळ्या मिळाल्या ती चूक होती, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

आणि आता या वर्षी कंपनीनं मला सोलापूरकडचं काम दिलं आणि इथले गोल ताईंकडे. नाव मीच सुचवलं होतं. ताईंचा फोन आला. "सर, शनिवारी इंदापूरला पहिला गोल घेते. तुमची जुनी फाईल आणा. तुमी कुणाला घेतलं, कुणाला न्हाय घेतलं, मला वाचायचंय. त्याबिगर शिकणार कशी?"

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि त्यांचा कागद काढून खिशात घातला.

त्या आठवड्यात मी आईकडे कन्हेरीला होतो. दुपारी ओट्यावर फाईल पसरून बसलो होतो. एक कागद काढला म्हणजे काम झालं असं वाटलं होतं. पण मागचे कागद उलटत गेलो तसं कळलं, तेवढ्यानं भागणार नाही. काट मारलेले पुष्कळ होते. त्यांतले अकरा असे, की पहिले तीन रकाने चांगले आणि शेवटच्यात शून्य. काही ताईंसारख्या. एक बौद्ध कुटुंबातली बाई, तिनं सांगितलं होतं, "आमच्यात हळदी-कुंकू नसतं सर." ती आशा सेविका होती, गावातल्या प्रत्येक घराची पायरी तिला माहीत. तिच्या कागदावर मी लिहिलं होतं, 'ओळखी नाहीत'. एक मुसलमान बाई, अख्ख्या पेठेचे ब्लाऊज शिवणारी. तिलाही तेच.

आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिला वाचता येत नाही, पण लाल रंग दिसतो.

"ह्या काट मारल्यात त्या कशाच्या?"

"ज्यांना घेतलं नाही त्या."

"का न्हाय घेतलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पणदऱ्याच्या ताईंपासून. तिचे हात चालू होते. माझं संपल्यावर तिनं फोलपटं फुंकून उडवली.

"म्हंजी मी आले असते मुलाखतीला," ती म्हणाली, "तर मलाबी काट."

मी कागद गोळा करायला लागलो.

"आरं, मी बोलत बी बरी हाय," ती म्हणाली. "तुझ्या काकूपरास तर लई बरी." आणि फोडलेले दाणे माझ्या पुढ्यात सरकवले. "खा. आन् ती काढून ठिवलेली चिठ्ठी घाल जाग्यावर. खिशातनं लाल दिसतंया."

मी कागद परत फाईलमध्ये, त्याच्या तारखेच्या जागी घातला.

शनिवारी इंदापूरला पोचलो तेव्हा ताईंनी खुर्च्या आधीच मांडल्या होत्या. गोलच, पण माझ्यापेक्षा लहान, गुडघ्याला गुडघा लागेल असा. गोल दहाला होता, नऊ वाजले होते. मी फाईल त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "ताई, ह्यात तुमचाही कागद आहे. वाचण्याआधी मला एक सांगू द्या."

"बसा," त्या म्हणाल्या. चष्मा लावला आणि माझं न ऐकताच पानं उलटू लागल्या. त्यांचा कागद आला. शून्य, 'ओळखी नाहीत', काट. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"हे मला ठाव हाय सर."

"कसं?"

"तुमच्या फाईलीवर डबा उलटा धरला हुता न्हवं? तुमी झाकणाकडं बघत हुता. मी खाली वाचत हुते. मागल्या महिन्याच्या गोलातल्या बायांचं कागद उघडं हुतं. सगळ्या रकान्यात खुणा, आन् शेवटाला ह.कुं., त्याखाली आकडा. तवाच म्हणलं, हितं अडणार."

"मग तुम्ही इंदापूरला का आलात?"

"उत्तर सापडलं म्हणून आले. लायनीत हुबी हुते, मशीनवर फॅट लागली, आन् सापडलं. ते कुणाला तरी सांगायचं हुतं."

मी म्हणालो, "माझं चुकलं ताई. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला पुन्हा विचारलं, ते तर फारच चुकलं. आणि यादी पुण्याला गेली नव्हती."

"ते बी ठाव हाय," त्या म्हणाल्या. कागद त्यांनी होता तिथेच ठेवला. मला माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मी थांबून राहिलो तरी म्हणाल्या नाहीत. पानं पुढे उलटत गेल्या. काट मारलेला एक कागद थांबून वाचला, बाजूला काढला. मग दुसरा. मोजून अकरा कागद त्यांनी टेबलावर एकाखाली एक लावले, पत्ते लावावेत तसे. मला कन्हेरीत ज्याला अर्धा दिवस लागला ते त्यांनी दहा मिनिटांत केलं.

"ह्यांना काय म्हणला हुता तुमी, जाताना?"

मी म्हणालो, "फोन करतो."

"मग करा की," त्या म्हणाल्या. "खाली नंबर हायती."

दहाला गोल सुरू झाला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ह्यात पगार न्हाय." चार जणी उठून गेल्या, त्यांना ताईंनी दारापर्यंत जाऊन स्टँडचा जवळचा रस्ता दाखवला. शेवटचा प्रश्न त्यांनी आपला केला होता: दिवसभरात कुठं कुठं उभ्या राहता? कुणी शाळेच्या फाटकाशी म्हणाली, कुणी रेशनच्या दुकानापुढे, कुणी रविवारी विहारात, एक नवरीसारखी सजून आलेली मुलगी म्हणाली, "कुठंच न्हाय, सासू सोडत न्हाय." "मग सासूला आण पुढच्या बारीला," ताई म्हणाल्या. मी हॉलच्या बाहेर जिन्यात बसून हे ऐकत होतो. असा गोल मला नऊ वर्षांत जमला नव्हता आणि तो घेणारी बाई मी निवडली होती. निदान दुसऱ्या वेळी तरी मीच निवडली होती.

माझ्या हातात अकरा कागद होते. सगळ्यांत वर आशा सेविकेचा. मी नंबर लावला. तीनदा वाजून उचलला गेला.

मी कोण, कुठून बोलतोय ते सांगितलं. डब्यांची मुलाखत, बारामतीची, वर मंगल कार्यालयात, असं सगळं. "तुम्हाला फोन करतो म्हणालो होतो," मी म्हणालो.

पलीकडे लहान मुलांचा गलका चालला होता.

"सर, चार वर्षं झाली त्याला. तवर रेंज नव्हती व्हय?"

"रेंज होती," मी म्हणालो. "मी केला नाही. माझं चुकलं होतं, तेच सांगायचं आहे. आणि काम अजून करायचं असेल तर इथे एक ताई आहेत, त्यांच्याशी बोला."

"आत्ता लसीकरण चाललंय. दुपारी करा."

"करतो," असं माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली. जिन्याच्या वरच्या पायरीवर ताई पाण्याचा रिकामा जग भरायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. पदराला खोचलेलं पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"वेळ इचारा," त्या म्हणाल्या.

मी विचारली. कागदावरच्या शेवटच्या रकान्यात, शून्याच्या शेजारी, 'दुपारी दोन' असं लिहून घेतलं.

दोन वाजता मी फोन केला.